सवलतीची कंपनी

नव्वदच्या दशकात आमच्या महाळुंगे पडवळजवळ, नाशिक रस्त्याला, ट्यूबलाइटचे चोक बनवणारी कंपनी आली. कंपनी म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि दारात वॉचमनची खुर्ची. सगळे कारखाने मुंबई-पुण्याभोवतीच गोळा होऊ नयेत, म्हणून लांबच्या तालुक्यांत कारखाना काढणाऱ्याला सरकार काही वर्षं विक्रीकरात सवलत द्यायचं. आमच्याकडे तिला सवलतीची कंपनीच म्हणत.

नोकरी मागायला खरं तर मी गेलो होतो. साहेबांनी मला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "केसासारखी बारीक तार गुंडाळायचं काम आहे. त्याला आम्ही बायकाच घेतो. तुमच्या घरात कोणी आहे का?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती माहेरची येडगावची, नववी झालेली. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी नोकरी मागायला गेलता का मला जागा बगायला?" मग भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कदीपासनं जायचं?"

आईला ते आवडलं नाही, पण आमची लहानगी पोरगी तिनंच सांभाळली. मी बायकोला सकाळी लुनावरून सोडायचो, संध्याकाळी आणायला जायचो. गेटबाहेर आणखी काही नवरे असायचे. सुरुवातीला आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. कुणी उगाच टायर दाबून बघायचं, कुणी रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. पुढं आमच्याच गप्पा इतक्या रंगायला लागल्या, की बायकांना थांबावं लागायचं. सुट्टी झाली की त्या हसत बाहेर पडायच्या आणि आमच्यापर्यंत येईतो गंभीर व्हायच्या. आत काय चाललं होतं, ते त्यांनी कधी आम्हाला सांगितलं नाही.

काही वर्षांनी सवलतीची मुदत संपली. आता आमच्याहून मागे राहिलेल्या जिल्ह्यांत जास्त सवलत होती. कंपनीनं मराठवाड्यात, जालन्याच्या पलीकडे जायचं ठरवलं. तिकडच्या बायकांना काम शिकवायला तीन महिने येशील का, असं साहेबांनी माझ्या बायकोला विचारलं.

मला राग आला. "आपलं काम तिकडच्यांनी न्यायचं, आन तूच जाऊन शिकवायचं व्हय?"

"त्या बायांनी कुटं नेलंय? आमी कोन, हेबी त्यांना म्हाईत नसल," ती म्हणाली. मग हळूच बोलली, "आन मला आजून ते काम करायचंय वो. लई आवडतं मला."

इतक्या वर्षांत हे मी तिला विचारलंच नव्हतं. ती गेली.

पुढच्या महिन्यात मी पोरीला घेऊन एसटीनं तिकडे गेलो. राग तसाच होता. पोचलो तेव्हा दिवस कलला होता. शेड अगदी आमच्यासारखीच. गेटबाहेर पाच-सहा माणसं सायकली घेऊन उभी होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एकानं विचारलं, "कुठले पाव्हणे?"

"पुणे जिल्ह्यातला. आत शिकवायला आल्यात ना, त्या आमच्या मंडळी."

त्याचा चेहरा खुलला. "त्या बाई होय? आमची घरी आल्यावर दुसरं बोलतच नाही. बाई असं म्हणल्या, बाई तसं म्हणल्या." त्यानं जवळच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा आणला, पोरीला बिस्किटाचा पुडा दिला. त्या माणसावर रागवायचं कसं, हे मला कळेना. मीच त्याला म्हणालो, "सुरवातीला गेटवर उभं राहायला आवघड वाटतंय. मग काय वाटत न्हाई."

बायका हसत बाहेर आल्या. बायको त्यांच्यातच होती. आम्हाला बघून ती या वेळी गंभीर झाली नाही. तशीच हसत आली आणि तिनं पोरीला उचलून घेतलं.

तीन महिने संपवून ती परत आली, तेव्हा इकडची शेड बंद झाली होती; काही दिवस तिचं कशात लक्ष लागेना. तेवढ्यात विहिरीवरची आमची मोटार जळाली. नारायणगावच्या मिस्त्रीकडे भरायला टाकली, तेव्हा तीही बरोबर आली आणि त्याच्या शेजारी बसून बघत राहिली. जुनी तार काढून नवी गुंडाळायची, एवढंच. तार जाड, बाकी ओळखीचं. मिस्त्री भला माणूस. "येत जा ताई, मलाबी हात पायजेच," म्हणाला. वर्षभर ती त्याच्याकडे शिकली. मग घराच्या पुढच्या खोलीत तिनं स्वतःचं काम सुरू केलं. सुरुवातीला लोक मलाच विचारायचे, "भाऊ, मोटार कदी भरून देताल?" मी आत बायकोकडे हात करायचो.

पुढं एकदा जालन्याकडच्या त्या बायकांपैकी दोघीजणी घरच्यांना घेऊन लेण्याद्रीच्या दर्शनाला आल्या आणि आमच्याकडे मुक्कामाला राहिल्या. बायकोनं त्यांना उघडलेली मोटार दाखवली. तिघी जमिनीवर फतकल मारून बसल्या, तारेचं टोक एकमेकींच्या हातात देत राहिल्या. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. मग त्या दोघींच्या घरच्यांना आणि मला वाढून मोकळी झाली.