डावी सीट

देहूरोडला लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक चाचा जुन्या गाड्या बांधून द्यायचे. मला लांब पल्ल्याच्या रॅलीसाठी जुनी मोटार हवी होती. मी एका चकचकीत गाडीपाशी घुटमळलो, तर म्हणाले, "रंग नका बघू, साहेब. जिचे पार्ट कुठल्याही गावात मिळतील, तीच घ्या."

तशीच घेतली. वर्षभर दर रविवारी मी चाकणहून त्यांच्याकडे जायचो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते चष्म्याआड डोळे मिटायचे. डावी सीट त्यांनी स्वतः बसून पाहिली, दोनदा मागे सरकवली. हाताला येईल अशी हत्यारांची पेटी तिच्याखाली बसवली.

"लांब जायचं तर शेजारी गाडीचं ऐकणारा माणूस पाहिजे," म्हणाले. मी मठ्ठासारखी मान डोलावली.

निघायच्या दिवशी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी कंपनीतल्या मित्राला शेजारी बसवलं. तो वाटभर कानात गाणी लावून होता. गाडी कुठेच अडली नाही, त्यामुळे पेटी उघडलीच नाही.

परतल्यावर उघडली. हत्यारांवर, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवलेला, चाचांचा जादाचा चष्मा होता.