देवरावभाऊची बोटं आणि सोसायटीचे लॅपटॉप

मोहाच्या झाडाखाली दोन दिवस गेलं नाई तर फुलांचा नुसता सडा पडते. आमच्या ऑफिसातल्या किस्स्यांचंही तसंच. वेचायले सवड कोणाले आहे! आज बसलीच आहो, तर ओटीत मावतील तेवढे वेचते.

पोंभुर्ण्याकडे, तलावाच्या पाळीले लागून आमची मच्छीमार सोसायटी. दोन टेबलं, एक मोठी खिडकी. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर देवरावभाऊ. भाऊ धीवराच्या घरचे. जाळं फेकावं तर भाऊनंच, असं सारं गाव म्हणते. पण लॅपटॉप आले आणि भाऊनं खुर्चीवर मांडी घातली, मांडीवर लॅपटॉप घेतला, मान खाली, मनगट वाकडं. वर्षभर तसंच! शेवटी उजव्या हाताची बोटं बधिर झाली. चहाचा कप धरला तरी गरम की थंडा, समजेना.

चंद्रपूरचा डॉक्टर म्हणाला, "बसणं सुधारा. नाई तर ही बोटं कायमची गेली समजा."

बाहेर आल्यावर भाऊ मले म्हणाले, "बाई, टायपिंग गेली तर जाऊ द्या. पण जाळं कसं फेकू?"

 

*

डॉक्टरनं कागद दिला होता. स्क्रीन डोळ्यासमोर, कोपर टेबलावर, पाय जमिनीवर. स्टँड कुठून आणावा? मी जुनी रजिस्टरं एकावर एक रचली आणि लॅपटॉप वर ठेवला. भाऊची मान एकदम ताठ! टायपिंगले वेगळा कीबोर्ड माह्या घरून आणला.

चार दिवसांनी एक म्हातारे सभासद आले. त्यांच्या वडिलांच्या मेंबरशिपची नोंद पाहिजे होती. मी कपाट दोनदा उपसलं. घामाघूम झाली. म्हातारबा शांतपणे बसून भाऊच्या टेबलाकडे पाहून राह्यले होते.

"बाई, तो लॅपटॉप उचला. माहा बाप त्याच्याखाली दबला आहे!"

*

कागदावर आणखी एक होतं. दर वीस मिनिटांनी नजर दूर न्या. आमच्या खिडकीतून दूर म्हणजे तलाव, कमळाची पानं, पल्याड सागवान. आम्ही दोघंही पाहत बसायचो. बगळा एका पायावर उभा. पाणी हलते की नाई, तेही समजत नाई. वीस सेकंद सांगितले होते, पण मोजत कोण बसते!

एक दिवस मोठे साहेब तपासणीले आले.

"काय पाहून राह्यले?"

"दूर, साहेब," भाऊ म्हणाले. "डॉक्टरची ऑर्डर आहे."

साहेब खिडकीशी आले. हळूच म्हणाले, "वाघ आहे का?"

"नाई साहेब. काहीच नाई."

साहेब उभे राह्यले. मग खुर्ची ओढून बसले. चहा आला, थंडा झाला. उन्हं उतरली. निघताना वहीत शेरा लिहून गेले: 'काम समाधानकारक.'

*

चार्जरच्या वायरी जमिनीवर लोळायच्या. एकदा मी अडकून पडता पडता वाचली. भाऊ उठले आणि साऱ्या वायरी टेबलाच्या पायाले बांधल्या. उजवा हात साथ देत नव्हता, तर डाव्या हातानं आणि दातानं. मले पाहवलं नाई, मी खिडकीकडे तोंड केलं.

महिन्यानं लॅपटॉप दुरुस्त करणारा इंजिनीअर आला. अर्धा तास गाठीशी झुंजला, मग कात्री मागितली.

"कात्री काऊन?" भाऊ म्हणाले, "जाळ्याची गाठ आहे साहेब. दहा किलोचा रोहू सोडवू शकला नाई, तुम्ही काय सोडवता!"

*

असं करत उन्हाळा आला. तलाव आटला की आमच्या गावची एकत्र मासेमारी असते. भाऊनं वर्षभर जाळ्याले हात लावला नव्हता. पाय जमिनीवर, कोपर टेबलावर, मनगटाले पट्टा, सारं नेमानं केलं होतं. तरी बोटांचं विचारलं की नुसते हसायचे.

सकाळचं पाणी दुधावानी पांढरं दिसत होतं. भाऊ गुडघाभर पाण्यात उतरले. पट्टा काढून माह्या हातात दिला. पाळीवर त्यांची म्हातारी माय बसलेली.  

जाळं उडालं, हवेत गोल उघडलं, पाण्यावर टेकलं आणि हळूहळू खाली गेलं.

भाऊ ओढतच नव्हते! उजव्या मुठीत दोरी धरून, डोळे मिटून, तसेच उभे.

माय पाळीवरून ओरडली, "काऊन रे, ओढत काऊन नाई? काय गावलं?"

भाऊनं डोळे उघडले.

"माय, दोरी थंडी आहे!"