बागेतल्या घरात आम्ही न विचारता शिरलो

मंडळी, आज दुपारी ओमानमधल्या सूर शहरात आम्ही सरळ एका अनोळखी घराच्या स्वयंपाकघरात शिरलो.

इथल्या एका बागेत जुनं दगडी घर आहे. बरीच वर्षं ते बंद होतं. आज दार उघडं दिसलं. म्युझियम सुरू झालं असेल म्हणून मी मुलीला घेऊन आत गेले, मोबाईलवर फोटोही काढला. आत एक बाई मासे तळत होत्या!

मी "सॉरी, सॉरी" करत मागे फिरले. माझं मुलीशी बोलणं ऐकून त्या मराठीतच म्हणाल्या, "अहो ताई, बसा की!"

त्या सकीनाभाभी, मूळच्या रत्नागिरीकडच्या. इथे बागेतली अशी रिकामी घरं, जे स्वतः दुरुस्त करून राहतील त्यांना भाड्याने मिळतात. भाभी आणि त्यांचे यजमान इम्तियाजभाई यांनी हे घेतलं आणि छपरापासून गिलाव्यापर्यंत सगळं नीट केलं.

तेवढ्यात इम्तियाजभाई जेवायला आले. आम्हाला पाहून वैतागलेच.

"रोज कोणीतरी घुसतं. आता 'खाजगी घर' असा बोर्ड लावतो, खलास!"

भाभी कढईकडे बघतच म्हणाल्या, "तुम्ही दुकानात जाता. मी इथे दिवसभर एकटी. बोर्ड लावलात तर माझ्याशी बोलणार कोण?"

मग आमच्यासाठी दोन ताटं इम्तियाजभाईंनीच मांडली.

त्यांचंही चूक नाही म्हणा. एवढ्या मेहनतीने उभं केलेलं घर, आणि लोक आत येऊन त्यांचे जेवतानाचे फोटो काढतात.

तुम्ही तिथे राहत असतात, तर दार उघडं ठेवलं असतंत का?