मालकाकडे पाठ

त्याला सगळे कमांडर म्हणायचे. ठेवणाऱ्यांनी नाव थट्टेने ठेवलं होतं, ह्याने ते मानाने घेतलं. होता बिल्डरच्या ऑफिसबाहेर फाटकावर उभा राहणारा साधा गार्ड. पण छाती अशी काढायचा की शर्टाच्या बटणांनी राजीनामा द्यावा. डोळ्यांवर काळा गॉगल. आभाळ भरून येवो नाहीतर दिवेलागण होवो, गॉगल उतरायचा नाही. त्यामुळे येणाऱ्या गाडीचा नंबर दिसायचा नाही आणि मग तो जोडीदाराला विचारायचा, "काय रे खुंट्या, नंबर काय लिहू?"

खुंटा हे नावही ह्यानेच ठेवलेलं. जोडीदार वर्षानुवर्षं त्याच फाटकावर होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं, हेच कमांडरला सहन व्हायचं नाही.

"अरे, माणसाला काही प्लॅनिंग नको? दहा वर्षांनी तू कुठे असशील?"

"इथेच. तू आधी बाजूला हो, मागून गाडी येतेय."

कमांडरचं प्लॅनिंग पक्कं होतं. एजन्सीने एकदा सगळ्या गार्डांना एका हॉलात कोंबून टायवाल्या माणसाचं भाषण ऐकवलं होतं, सुरक्षा क्षेत्रात करिअर कसं घडवावं यावर. टायवाला जन्मात कधी फाटकावर उभा राहिलेला नव्हता, हे त्याच्या कोऱ्या बुटांवरूनच कळत होतं. त्याने पडद्यावर शिडीचं चित्र दाखवलं. बाकीचे चहाची वाट बघत पेंगत होते. कमांडरच्या डोक्यात मात्र शिडी घुसली ती निघाली नाही. आधी फाटक, मग लॉबी, मग मालकाचा बॉडीगार्ड, आणि शेवटी स्वतःची एजन्सी. त्यासाठी त्याने कोर्स केले. आग विझवण्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून स्वयंपाकघरात लावलं. त्याच्याच खाली एकदा गॅसपाशी फडकं पेटलं, तेव्हा हा दारात उभा राहून "आधी वाऱ्याची दिशा बघ!" असं ओरडत राहिला. बायकोने फडकं चिमट्याने उचलून मोरीत टाकलं आणि भाजी ढवळायला लागली.

खरं तर त्याची शिडी मोजायची पट्टी एकच होती. मालक किती जवळ आला? मालकाने एकदा जाता जाता "काय, बरंय ना?" विचारलं, तर तो आठवडाभर तेच सांगत फिरला.

आणि अशा माणसाला संधी मिळाली. मालकाने बांधलेल्या इमारतीची छतं गळत होती. फ्लॅट घेतलेली माणसं ऑफिसात येऊन टेबलं बडवायला लागली, तसं मालकाच्या जिवाचं पाणी पाणी झालं. सुरक्षाप्रमुख होते सैन्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मेजर म्हणायचे. मालक त्यांना म्हणाला, आपल्यातलाच एक गार्ड माझ्यासोबत द्या. दोघं पुढे आले. एक लॉबीतला उंच गार्ड, जो तोंड उघडायचा ते जांभईलाच. दुसरा कमांडर.

मेजरांनी दोघांना पार्किंगमध्ये उभं करून शिकवायला घेतलं. "पाठ मालकाकडे, तोंड लोकांकडे. आणि हात रिकामे. कळलं?"

"सर, मालकाकडे पाठ?" कमांडर अजिजीने म्हणाला. "बरं दिसत नाही."

"बरं दिसायला तू काय नवरदेव आहेस?"

घरी येऊन तो धुसफुसला. "ज्याच्या जिवावर वर चढायचं त्यालाच ढुंगण दाखवायचं म्हणे! असं कधी कुणाचं करिअर झालंय?"

"मला तर लग्नापासून पाठच दाखवताय," बायको कणीक तिंबत म्हणाली. "तुम्हाला काय अवघड आहे?"

"तुला ह्या लाइनमधलं काय कळतं?"

"काही नाही बाई. पण जमलं नाही तर पुन्हा फाटक, एवढं कळतं."

तेवढं त्यालाही कळत होतं. फाटकावर परत जाऊन खुंट्याच्या शेजारी उभं राहायचं, ह्या विचारानेच त्याला घाम फुटायचा.

परीक्षेचा दिवस म्हणजे नव्या इमारतीतल्या नमुना फ्लॅटचं उद्घाटन. उंच गार्ड खाली दरवाज्यावर, मेजर कोपऱ्यात, आणि मालकाच्या खांद्याशी कमांडर. सुरुवातीला पाठ मालकाकडे होती. पण मालक हसला की आपणही हसायला हवं, आणि मालक हसला हे पाठीला कसं कळणार? पाव वळला, अर्धा वळला, आणि फीत कापायच्या आत पुरता समोरासमोर येऊन उभा राहिला. मालकाला उकडलं, त्याने कोट काढला. कमांडरने तो झेलला. मग फोन. मग गुच्छ, एकामागून एक. दर वस्तूबरोबर आपण एकेक पायरी चढतोय असं वाटून त्याचा चेहरा उजळत चालला. हनुवटीने फुलं दाबून धरलेला तो गृहस्थ आता लग्नात आहेर सांभाळणाऱ्या मामासारखा दिसत होता.

तेवढ्यात शाळेतल्या एक निवृत्त बाई गर्दीतून पुढे आल्या. नीटनेटकी साडी, हातात स्टीलचा डबा. कमांडरला डोळ्याच्या कडेने दिसल्या. डबा बघून त्याला वाटलं, मालकांसाठी काहीतरी गोडधोड असणार.

"या मॅडम, या," म्हणून त्याने खांदा आक्रसून वाट करून दिली.

"हे माझ्या बेडरूममधलं," बाई म्हणाल्या. "तुमच्याच छतातून आलंय." आणि डबा मालकाच्या डोक्यावर रिकामा केला.

पिवळट, कुबट पाणी मालकाच्या टकलावरून कॉलरमध्ये उतरलं. कमांडरने क्षणाचाही विलंब लावला नाही. टुणकन मागे उडी मारून त्याने कोट आणि फोन छातीशी कवटाळले, आणि सगळ्यांकडे पाठ केली.

मेजर आले. बाईंच्या हातातला डबा त्यांनी हळूच काढून घेतला, आणि मग चपलेला काय लागलंय ते माणूस बघतो, तसं कमांडरकडे बघितलं.

"ॲसिड असतं तर?"

"सर, हात भरलेले होते."

"तेच तर. जा, फाटकावर जा."

कमांडरचं तोंड उतरलं. गुच्छ एकेक करून गळून पडले. पण चेहरा पुसता पुसता मालकाने हात पुढे केला, फोन घेतला, उलटासुलटा करून बघितला.

"मेजर, एक थेंब नाही. कोटसुद्धा कोरडा." त्याने कमांडरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बॉडीगार्ड त्या उंच गार्डाला करा. ह्याला राहू द्या माझ्याबरोबर. सामान धरायला बरा आहे."

मेजरांनी खांदे उडवले. कमांडरने त्यांना दोन्ही टाचा जुळवून सलाम ठोकला.

संध्याकाळी तो छाती काढून घरात शिरला. "मालकांच्या गाडीत जागा मिळाली. पुढच्या सीटवर."

"अगं बाई! म्हणजे बॉडीगार्ड झालात?"

"त्याच्या... जवळचंच."

"जवळचं म्हणजे काय?"

"म्हणजे बॅग, कोट, फोन. सगळी जबाबदारी माझ्यावर."

बायकोने पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना. ती भिंतीला टेकून हसली, डोळे पुसून पुन्हा हसली.

"हमाल झालात की हो!"

"हसून घे. एजन्सी काढीन तेव्हा बोल."

"बरं बरं. तोवर ही कचऱ्याची पिशवी खाली नेऊन टाका. तेवढाच सराव होईल."

कमांडरने गॉगल नीट केला आणि पिशवी उचलली. जिन्यात शेजारी भेटला, नाकाला रुमाल लावत म्हणाला, "काय कमांडर, काय विशेष?"

"बढती झाली," कमांडर म्हणाला, आणि अंग चोरून त्याने शेजाऱ्याला अदबीने वाट करून दिली.