गालावरच्या पट्ट्या

माणसाचा चेहरा न बघता त्याच्याशी वर्षानुवर्षं जिव्हाळा ठेवणारी व्यक्ती अख्ख्या सुरतेत एकच, आमच्या पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई. त्या दात सरळ करण्याच्या डॉक्टर, आणि मी त्यांच्या दवाखान्यात पेशंटना आत सोडणारी, बाहेर थोपवणारी आणि बाईंना जेवणाची आठवण करून देणारी. बाई नाकाच्या वर बघतच नाहीत. कोपऱ्यावर गाडी लावून लोचो हा सुरती नाश्ता विकणाऱ्याला त्या केवळ त्याच्या वाकड्या सुळ्यावरून ओळखायच्या, त्याने तो उपटून घेतला तर त्याच्याच गाडीसमोर उभ्या राहून विचारू लागल्या, "इथला तो माणूस कुठे गेला?" एका लग्नात, "जबडा जरा पुढे आहे, पण मुलगी गोड आहे," असं थेट नवऱ्याच्या आईलाच सांगून आल्या.

दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेली बाळं हा त्यांचा खास प्रांत. अशा बाळाच्या टाळूला बसेल अशी इवलीशी प्लेट करायची, गालावरच्या चिकटपट्ट्यांनी ती जागेवर धरायची आणि दर आठवड्याला थोडी घासत हिरड्या जवळ आणायच्या. फट कमी झाली की सर्जन ओठ शिवतात. बाळांना बाई अहोजाहो करतात, "अहो, जरा तोंड उघडता का?" त्यांच्या आयांना मात्र अगंतुगं. कुतूहल तर इतकं की "कसं वाटतं, बघूया," असं त्या म्हणाल्या की मी सावध होते. एकदा स्वतःच्या टाळूची प्लेट करून, ती घालून त्यांनी उंधियू खाल्लं. बाळांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे त्या कधीच टाकत नाहीत. शेल्फं भरली, आता फ्रिजवरही साचे आहेत. मी टाकायला काढले की ओरडतात, "अहो, माणसं आहेत ती!"

सुरतेतल्याच नवागामच्या सुनीताचं बाळ असंच प्लेट लावून होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बाळासकट पहिल्यांदा खानदेशात माहेरी जायचं, तर ती रडकुंडीला आली. "पट्ट्या लाईसन कशी जाऊ, बाई? बाया म्हनतीन, ग्रहणमा काही तरी कापं व्हई." पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापलं की बाळाचा ओठ फाटतो, अशी तिकडे समजूत.

बाईंनी ऐकून घेतलं आणि स्वतःच्याच दोन्ही गालांवर पट्ट्या चिकटवल्या. "कसं वाटतं, बघूया." तशाच बँकेत गेल्या, रिक्षात बसल्या, भाजी घेऊन आल्या. संध्याकाळी सुनीताला म्हणाल्या, "पुष्कळांनी विचारलं, मी सगळ्यांना सांगितलं. कंटाळा येतो, बाकी काही होत नाही. जा तू."

ती गेली, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी तिचा रडत फोन आला. "बाई, मन्ही मायनी ते उकाई टाकं!" आजीने नातवाचा वाटी-चमचा उकळताना, स्वच्छतेच्या हौसेनं, प्लेटही पातेल्यात सोडली होती. ती वाकडी झाली. प्लेटशिवाय राहिलं तर फट पुन्हा पसरणार, ऑपरेशन लांबणार.

"बोलावून घ्या तिला," मी म्हटलं.

"आखाजी सोडून? मग त्या आजी आयुष्यभर स्वतःला बोल लावतील."

बाईंनी शेल्फवरून त्या बाळाचा शेवटचा साचा काढला, दवाखाना बंद ठेवून त्यावर नवी प्लेट केली आणि सकाळच्या भुसावळच्या गाडीत बसल्या. बरोबर मी, अहिराणी समजते म्हणून. निघताना त्यांनी गालांवर पुन्हा पट्ट्या चिकटवल्याच.

गावात निंबाला झोका बांधलेला. आम्हाला बघून बायांचं गाणं थांबलं. एक म्हातारी मला म्हणाली, "या बाईले काय व्हयनं?" मी सांगत होते तोवर बाई जमिनीवर बसून "अहो, उघडा," करत होत्या. जरा घासल्यावर प्लेट बसली. आजी दाराआड उभी होती. बाई तिला म्हणाल्या, "वाटी-चमचा लख्ख आहे तुमचा. ही मात्र साध्या पाण्यानं धुवा." मग झोक्याकडे वळल्या. "कसं वाटतं, बघूया." पट्ट्यांसकट उंच गेल्या, बाया हसून हसून खाली बसल्या.

ओठ शिवून झाल्यावर सुनीता बाळाला घेऊन आली. ओठावर फक्त बारीकशी रेघ. बाई बराच वेळ बघत राहिल्या. "हे कोण?"

मी तो साचा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी फटीवरून बोट फिरवलं. "अहो, तुम्ही होय!"

मग पुढचं सांगितलं. दात आले की यायचं, दुधाचे पडू लागले की परत, तारा लावायला मोठेपणी. मिसरूड फुटेपर्यंत सुटका नाही.

सुनीताने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "तवलोंग तुम्ही ऱ्हाशात ना, बाई?"

बाईंनी मान वर केली. नाकाच्या वर, थेट तिच्या डोळ्यांत, मी त्यांना पहिल्यांदाच बघताना पाहिलं.

"बघूया," त्या म्हणाल्या.