दर्यापूरचं आरमार

हिंदुस्थानच्या आरमाराची खरी काळजी त्या काळात एकाच माणसाला होती, आणि तो दर्यापूरला कापूस पिकवत असे. हे आमचे मामा. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण त्यांच्या विहिरीचं पाणी त्या भागातल्या सगळ्याच विहिरींसारखं खारट होतं, आणि त्यावरून मामांनी ठरवून टाकलं होतं की समुद्र खालून वऱ्हाडात पोचलेलाच आहे, वर यायचाच काय तो अवकाश. विलायतेत लढाई पेटली तेव्हा अख्खं गाव चावडीवर बातम्या ऐकायला जमायचं. मामा मात्र हात झटकून म्हणायचे, "हे लढाई गेली कामातून. याच्या फुडच्या लढाईले काय लागंल, थे बोला!"

पुढच्या लढाईचं सामान सगळं मामींच्या स्वयंपाकघरातलं. गोणपाट अंथरलं की समुद्र झाला. पोळपाट म्हणजे विमानं उतरायचं जहाज, लाटणं ही पाणबुडी, आणि वाट्या झाडून सगळ्या शत्रूच्या. शत्रू बुडेपर्यंत घरात पोळी लाटली जात नसे, आणि तो चिवट निघाला की आम्ही कण्यांवर भागवत असू. मुंबईहून आलेल्या एका कापूस दलालाला मामांनी विचारलं, "समुद्राचा पल्याडचा काठ दिसते काय?" तो नाही म्हणाला. "मंग तुमी नीट पाह्यलाच नाही," असं म्हणून मामांनी त्याला निकालात काढलं. एकदा अकोल्याला मोर्णा नदीच्या घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून शत्रूची वाट कशी अडवायची, हे ते मला समजावत होते. तेवढ्यात समोरून एक म्हैस आली. मामांनी मुकाट्याने बाजूला होऊन तिला वाट दिली.

अशात त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, शांताला, जिल्ह्याच्या गावाहून, राजापेठेतलं स्थळ आलं. मुलगा आरमारात लागलेला, रजेवर घरी आलेला. आम्हाला वाटलं, मामा आता त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. पण 'आरमार' ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. आत येऊन ते मामींना म्हणाले, "त्याइले नाही म्हणून सांग. मले पोरगी देनं नाही."

मामी उखडल्या. "आवो, इतकी वरसं माह्या पोळपाटावर इमानं उतरवून राहिले तुमी, आन आता जहाजवाला जवाई काहून नाही पाह्यजे?"

मामांनी कोपऱ्यातल्या पोळपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माह्या जहाजावर मानूस नोता ना वं."

पण शांताला मुलगा आवडला होता, आणि मामींना शांताचा चेहरा वाचता येत होता. लग्न झालं. रजा संपली तशी आम्ही सगळे जावयाला पोचवायला बडनेऱ्याच्या स्टेशनवर गेलो. मामांनी त्याला नव्या लढाईची एकही युक्ती सांगितली नाही. इतके नरमलेले मामा मी कधी पाहिले नव्हते. गाडीची शिट्टी झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून त्याचा हात धरला.

"जवाईबुवा, तिथं लय जोराची लढाई दिसली त सरळ घरी या. बाकीचं आमी इथून पाहून घेऊ."

जावई हसून "हो" म्हणाला. गाडी हलली तरी मामांनी हात सोडला नव्हता. फलाट संपेपर्यंत ते तिच्याबरोबर चालत राहिले.