सतीशने मढवलेला डॅशबोर्ड

डॅशबोर्ड टेबलावर उताणा पडला होता आणि मी त्यात माझ्या धाकट्या भावाची चूक शोधत होतो.

डोळ्यांवर भिंगाचा चष्मा होता, हातात छोटा कटर. लेदरची कड उचलून मी आत पाहत होतो. कुठे चिकट, म्हणजे गोंद, कमी लावलंय का, फोमच्या चिरा अर्धवट भरल्यात का, कुठे घाई केली आहे का. अर्धा तास गेला. एकही चूक सापडली नाही. जिथे कुणी कधी पाहणार नाही तिथेही त्याने दोऱ्याच्या गाठी एका रेषेत मारल्या होत्या. मी चष्मा काढून ठेवला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

आमचा गाळा मुंबईबाहेर सातिवलीला आहे. गाड्यांच्या आतलं काम आम्ही करतो. सीट, छत, दरवाजांचे पॅनेल, आणि जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड. मी केमिस्ट्रीचा पदवीधर. रंगाच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, मग नोकरी सोडून सतीशबरोबर हा गाळा घेतला. सतीश दहावीनंतर शिकला नाही. सीट कव्हर शिवण्यापासून त्याने सुरुवात केली आणि हात असा तयार झाला की मुंबईहून लोक गाडी घेऊन यायचे. ते आले की माझ्या टेबलासमोरून सरळ आत जायचे. मी पुस्तक वाचत बसलेलो असायचो. मान वर करायची गरज पडत नसे.

गाळ्यात सतीश मला साहेब म्हणायचा. ही आमची ठरवून केलेली पद्धत होती. ग्राहक कारागिराला गाठून भाव पाडतात. तेव्हा कारागिराने "साहेबांना विचारतो" म्हणायचं आणि साहेबांनी मान हलवायची. आम्ही भाऊ आहोत हे ग्राहकांना सांगायचं नाही. पद्धत इतकी चांगली चालली की पुढे आम्ही ती बदललीच नाही.

सतीश मार्चमध्ये गेला. हार्ट अटॅक. चंदनसारला आमच्याच घरी राहायचा. लग्न केलेलं नव्हतं. सकाळी चहा गार झाला तरी उठला नाही म्हणून हाक मारायला गेलो, तेव्हा कळलं.

ही गाडी आली ऑक्टोबरच्या शेवटी. नंदाखालचे पास्कल सर, निवृत्त शिक्षक, स्वतः चालवत घेऊन आले. पन्नासएक वर्षांची जर्मन गाडी, गडद हिरवी. त्यांचे वडील मुंबईत एका वकिलातीत ड्रायव्हर होते. वकिलातीने गाडी विकायला काढली, तेव्हा जी रोज चालवली तीच त्यांनी विकत घेतली. नऊ वर्षांपूर्वी सतीशने तिचा डॅशबोर्ड मढवून दिला होता.

"सतीश कुठाय?" सरांनी उतरल्या उतरल्या विचारलं. "मार्चपासून फोन बंद आहे त्याचा."

"तो आता इथे नसतो," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य तोंडाशी होतं. पण सर आधीच हसले.

"गेला वाटतं दुबईला. म्हणत होता, तिथे जुन्या गाड्यांचं मोठं काम आहे. मला न सांगता जाईल असं नव्हतं वाटलं. तुम्हीच पगार वाढवला नसेल."

दुबईचं सतीश मला कधी बोलला नव्हता. एका घरात राहून मला नाही, आणि नंदाखालच्या या माणसाला सांगितलं होतं. मी तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. आमचे शिलाईचे कारागीर असलमभाई मशीनवर बसले होते. त्यांनी मशीन थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू केली.

सरांनी दार उघडून दाखवलं. उन्हाने लेदर आक्रसलं होतं. काचेकडची कड सुटून वर आली होती आणि मधल्या जाळीपासून एक चीर थेट मीटरपर्यंत गेली होती.

इथे थोडं समजावून सांगतो. त्या काळच्या डॅशबोर्डमध्ये खाली पत्रा, त्यावर फोम आणि वर पातळ कातडीसारखं प्लॅस्टिक असतं. उन्हात वर्षानुवर्षं राहिलं की प्लॅस्टिकचा मऊपणा उडून जातो. ते आकसतं आणि फाटतं. उपाय तीन. वरून तयार कव्हर चिकटवायचं, ते स्वस्त, पण टोपी घातल्यासारखं दिसतं. चिरा भरून रंग मारायचा, तो दोन उन्हाळे टिकतो. नाहीतर चिरा कापून रुंद करायच्या, लवचीक फिलर भरायचा, घासून सपाट करायचा आणि अख्खा डॅशबोर्ड लेदरने मढवायचा. सतीश तिसरं करायचा, आणि तेही एका अखंड तुकड्यात. मीटरवर जो उंचवटा असतो त्याच्या खोलगट बाजूला लेदर बसवणं अवघड असतं. ताणलं की तिथून उचलतं. तो आधी खोलगट भागात लेदर निजवायचा आणि मग बाहेर सरकायचा.

"मुलीचं लग्न आहे," सर म्हणाले. "आगमनकाळाच्या आधी. नंतर नाताळापर्यंत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. मुलगी याच गाडीतून जाणार, तिच्या आजोबांच्या. सतीशने केलं तसंच हवं. जमेल का तुमच्याकडे? नाहीतर तसं सांगा, मी मुंबईत बघतो."

"जमेल."

"कोण करणार?"

"मी."

त्यांनी माझ्या टेबलावरच्या पुस्तकाकडे पाहिलं. मग जरा सांभाळून म्हणाले, "सतीश सांगायचा, आमच्या साहेबांना सगळं पुस्तकात सापडतं."

ते गेल्यावर असलमभाई म्हणाले, "साहेब, ये ठीक नहीं किया. मय्यत की बात है."

"काम झाल्यावर सांगतो," मी म्हणालो.

का, ते आज लिहू शकतो. सतीश गेला हे त्या दिवशी सांगितलं असतं तर सर गाडी घेऊन परत गेले असते, किंवा दया म्हणून काम दिलं असतं. मला दोन्ही नको होतं. सहा-सात महिन्यांत गाळ्यात नुसती सीट कव्हरं झाली होती. सतीशशिवाय हा गाळा चालतो का, हे मला एका मोठ्या कामावर पाहायचं होतं. आणि मनात त्याहून लहान एक गोष्ट होती. एकदा तरी कुणी माझ्या कामाला सतीशच्या कामाइतकं चांगलं म्हणावं. मेलेल्या भावाचा हेवा करतात हे मी कुठे वाचलं नव्हतं. पण तसा हेवा वाटतो.

पुढची काच उतरवून डॅशबोर्ड बाहेर काढला. जुनं लेदर निघालं की आतल्या चिरा कापायच्या, भरायच्या, घासायच्या. हा भाग मला येतो. कोणता फिलर किती वेळात सुकतो, दमट हवेत चिकट पांढरं का पडतं, हे सगळं माझ्या वहीत आहे. सरांनी जुन्या रंगाशी जुळणारं एकच लेदर आणून दिलं होतं. तसं दुसरं मिळणार नव्हतं.

आता फर्मा हवा होता. फर्मा म्हणजे कापायचा नमुना, कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा. सतीश फर्मे ठेवत नसे. आमच्या धंद्यात बरेच जण काम झालं की फर्मा फाडतात, दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. मी विचार केला, त्याने मढवलेलं जुनं लेदर अखंड काढलं तर तोच फर्मा. हीट गनने चिकट मऊ केलं आणि संपूर्ण कातडं सोलून काढलं. आतल्या चिरा भरून घासल्या, मग ते कातडं नव्या लेदरवर पसरलं, चारी बाजूंनी थोडं वाढवून खडूने आखलं आणि कापलं.

चिकट न लावता डॅशबोर्डवर ठेवून पाहिलं. काचेकडे बोटभर कमी पडलं.

पुन्हा ठेवलं. पुन्हा बोटभर कमी.

कातडं नऊ वर्षं उन्हात आकसलेलं होतं. वर मी त्याला हीट गन दाखवली होती. उष्णतेने कातडं आकसतं हे ज्याला कळत नाही त्याने केमिस्ट्रीची पदवी परत करावी.

असलमभाई उठून आले. बोट ठेवून कमी पडलेली जागा मापली. "सतीशभाई जुनं कातडं कधीच वापरत नव्हते. कागद पसरायचे आणि वरून हात फिरवायचे."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठे? त्यांचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता."

दोन दिवस मी त्या लेदरला हात लावला नाही. लग्नाला बारा दिवस होते. सरांना फोन करून "मुंबईत बघा" म्हणण्यासाठी दोनदा नंबर काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डकडे बघत असताना लक्षात आलं, की अखंड तुकड्याचा हट्ट सतीशचा होता. गाडीचा नव्हता. मीटरवरच्या उंचवट्याच्या कडेने लेदर सरळ कापलं तर मध्ये दोन बोटांची पट्टी घालता येते आणि कमी पडलेली जागा भरून निघते. शिलाई नेमक्या त्या खोलगट रेषेत पडते, म्हणजे तिथे लेदर ताणावंच लागत नाही. उचलणार कुठून?

असलमभाईंना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. "टाक्यांच्या दोन समांतर ओळी टाकू," म्हणाले. "मग मुद्दाम केलंय असं दिसेल."

पट्टी उरलेल्या तुकड्यातून निघाली. दुपारी हवा कोरडी झाली की चिकट लावायचं, हाताला लागेनासं होईपर्यंत थांबायचं, मग खोलगट भागापासून बाहेर. हे शेवटचं सतीशचं. ते बदलायला मी गेलो नाही. चार दिवस लागले. काच बसली. दोन समांतर टाके काचेखालून एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत गेले होते. गाडी आधीपेक्षा रुंद वाटत होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून बराच वेळ ते पाहिलं. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

सर आले. दार उघडून आत बसले. मीटरवरून, शिलाईवरून तळहात फिरवला. मग माझ्याकडे बघून खुशीत हसले.

"बोलावलंत ना शेवटी त्याला."

"कुणाला?"

"साहेब, मी वर्गात पस्तीस वर्षं कॉपी पकडली आहे. हा हात सतीशचाच. ही शिलाई नवीन काढली त्याने. दुबईत शिकला असेल."

ती शिलाई माझी होती. माझ्या चुकीतून निघालेली, पण माझी. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी पिशवीतून लग्नाच्या दोन पत्रिका काढल्या. एकीवर सुंदर अक्षरात सतीशचं नाव होतं. दुसरीवर "मा. साहेब".

"तुमचं नाव माहीत नव्हतं," ते ओशाळून म्हणाले. "तो साहेबच म्हणायचा. त्याला म्हणावं, आलाच आहेस तर लग्नाला थांब. दर रविवारी आमच्याकडे जेवायचा आणि वाडीत खाटेवर झोपायचा. मुलगी विचारत असते."

दर रविवारी. मी समजत होतो तो माझ्या मागे खाजगी कामं घेतो. मी त्याला त्यावरून टोमणेही मारले होते. त्याने कधी उत्तर दिलं नव्हतं.

काम माझं आहे असं म्हणायचं तर सतीश नाही हे सांगावं लागणार होतं. आणि ते न सांगता त्याची पत्रिका हातात घेता येत नव्हती.

"सर, सतीश वारला," मी म्हणालो. "मार्चमध्ये."

त्यांनी इंजिन बंद केलं. ते चालू होतं हे माझ्या लक्षातही नव्हतं.

"त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

मी खिशातलं फडकं काढून दाराची कड पुसू लागलो.

"त्याच्या घरच्यांना तरी कुणी कळवलं का? मोठा भाऊ आहे एवढंच एकदा म्हणाला होता. कुठे असतो ते सांगितलं नाही."

"मीच तो."

सरांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. रागावले होते ते दिसत होतं. मग म्हणाले, "नऊ वर्षं माझ्या टेबलावर जेवला आणि साहेब, साहेब करत राहिला."

"ती आमची धंद्यातली पद्धत होती."

"ती गाळ्यात," सर म्हणाले. "माझ्या घरी कशाला?"

त्यांनी सतीशची पत्रिका पिशवीत परत ठेवली. माझी घेतली, पेन काढून "साहेब" खोडलं, माझं नाव विचारून लिहिलं आणि गाडी घेऊन गेले. डॅशबोर्डबद्दल पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत.

मी लग्नाला गेलो. जावं की नाही यावर असलमभाईंशी वाद झाला. "सतीशभाई गेले असते," ते म्हणाले, आणि वाद संपला. नंदाखालला चर्चच्या बाहेर गाडी उभी होती, फुलं लावलेली. मुलगी उतरली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. मी काचेतून दोन टाके बघत होतो. उन्हात कुठेही उचललं नव्हतं.

जेवणाच्या वेळी सरांच्या नात्यातले एक गृहस्थ आले. त्यांच्याकडेही जुन्या गाड्या होत्या. त्यांनी सरांना विचारलं, "डॅशबोर्ड कुणी केला? शिलाई झकास आहे."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यांनी. आमच्या सतीशचे मोठे भाऊ."

"सतीश कोण?" ते गृहस्थ म्हणाले.

मग सर त्यांना सतीश कोण ते सांगू लागले. पाऊण तास. तो माशाचं कालवण दोनदा मागून घ्यायचा. आंब्याच्या दिवसांत पाटी भरून घेऊन यायचा. मुलीला गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. लोक जमा झाले, हसले, प्रत्येकाने आपली एकेक भर घातली. मी हातात ताट घेऊन उभा होतो. आमच्या घरातल्या माणसाबद्दल मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. सतीशचा जेवढा कधी वाटला होता, त्याहून जास्त. शिलाईचं पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मला ऐकायचं होतं.

त्या गृहस्थांची गाडी नवीन वर्षात आमच्याकडे आली. आता गाळा चालतो.

धंद्यापुरता धडा म्हणाल तर असा: कारागीर गेला असेल तर ग्राहकाला पहिल्या दिवशी सांगावं, गाडी आत घेण्याआधी. लपवून काम मिळतं, पण त्याचं श्रेय घ्यायला गेलं की शेवटी सगळं सांगावंच लागतं.